टालवाला भैयाजी जागा पाहतो

नागभीडमध्ये घरासाठी जागा निवडावी तर ती एकाच माणसानं, आणि तो माणूस म्हणजे आपण स्वतः, याबद्दल भैयाजी टालवाल्याला तीळभरही शंका नव्हती.

"पटवाऱ्याले काय समजते? जमिनीचा तुकडा! मास्तराले काय समजते? हवा आन् उजेड! पन त्या मोहल्ल्यात मानूस जगते का मरते, हे कोन सांगन? हा भैयाजी सांगन!" असं म्हणून तो चहाच्या दुकानातल्या बाकावर अशी थाप मारायचा, की शेजारच्याचा चहा बशीतून धोतरावर!

बढाई होती, पण अगदीच हवेतली नव्हती. गावात लाकडाची टाल एकच, ती भैयाजीची. मांडवाचे बांबू त्याच्याकडून, चुलीचं जळतन त्याच्याकडून आणि शेवटची लाकडंही त्याच्याकडूनच. लग्न पुढं ढकलता येतं, चूल शेजारणीच्या काटक्यांवर पेटवता येते, पण तिसऱ्या कामाचं गिऱ्हाईक थांबत नाही. त्यामुळं कोणत्या मोहल्ल्यातून तिरडीचे बांबू जास्त जातात आणि कोणत्या मोहल्ल्यातून कमी, हे भैयाजीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. चांदा जिल्हा मध्यप्रदेशात राहणार की मुंबई राज्यात जाणार, यावरून गाव तेव्हा तावातावानं भांडत होतं. भैयाजी म्हणायचा, "राज्य कोनतंबी येऊ द्या, लाकडं माह्याच टालीवरून जातीन!"

आता एवढा शहाणा माणूस स्वतःचं घर सोडून दुसरीकडं जागा का शोधत होता? तर बायकोनं हट्ट धरला होता म्हणून. आणि तो हट्ट साधा नव्हता.

भैयाजीचं घर टालीला चिकटून. मनकर्णाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच टालीचं फाटक. कोणाकडं मयत झाली की माणसं त्या फाटकाशी येऊन उभी राहायची आणि रडायची. मनकर्णा भाकर थापायची ती त्या रडण्यात, कुंकू लावायची ती त्या रडण्यात. या घरात तिला दोन मुलगे झाले. पहिला सव्वा महिन्याचा होऊन गेला. दुसरा रांगायला लागला, उंबरठा ओलांडायला शिकला, आणि तापात गेला. आता तिसऱ्या वेळचा सातवा महिना लागला होता.

"या घरात मी बाळंत होनार नाई," ती म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हंता? लहाना गेला त्या दिसी फाटकापाशी कोनी रडून राह्यलं होतं. मी रडून राह्यली का ते रडून राह्यले, हेच मले समजे ना! मले कुठीबी न्या. पन हे लेकरू मले जगवाचं हाये."

भैयाजी बढाईखोर होता, दगड नव्हता. धाकटा गेला तेव्हा तो टालीवर एकच बांबूची थप्पी दिवसभर उचलून इकडं ठेवी आणि पुन्हा तिकडं ठेवी. ती आठवण आताही आली. पण दुःख आठवलं की या माणसाला बोलायचा जोर चढे!

"तू बिलकुल घाबरू नोको! अशी जागा पाहातो, का तिथी मरनाची सावली नाई पडनार!"

कुठं राहायचं तुझ्या मनात आहे, एवढं तिला विचारायचं मात्र राहून गेलं. विचारायचं कशाला? निवडणारा घरातच बसला होता की!

झालं, भैयाजीनं गाव चाळायला घेतलं. बाजारपुरा बाद, तिथले म्हातारे थंडी पडली की पटापट जातात. स्टेशनाकडं नको, आगगाडीच्या भोंग्यानं लेकरू दचकेल, आणि शिवाय गेल्या उन्हाळ्यात तिकडं बांबू फार गेले होते. राहता राहिला खालचा मोहल्ला. तिथं गुणवंतराव चक्कीवाल्याच्या घराची एक बाजू रिकामी होती. भैयाजी न सांगता-सवरता सकाळीच जाऊन धडकला.

ओसरीवर गुणवंतरावाचे वडील पत्रूजी बाजेवर पडून होते. पोळ्यापासून पायाच्या दुखण्यानं ते उठले नव्हते, बाकी पोटात चार भाकरी व्यवस्थित जात होत्या. भैयाजीनं त्यांना रामराम केला आणि छताकडं पाहिलं. छप्पर एका बाजूनं वाकलं होतं, टेकू द्यायला हवा होता. त्यानं बाजेच्या डोक्याकडून पायापर्यंत हातानं मोजलं, मान हलवली आणि स्वतःशीच पुटपुटला, "दोन बांबू पुरतीन. लांब पाह्यजे, पन दोन पुरतीन."

ते दारातून ऐकलं सुनेनं! टालवाला आपणहून येतो, सासऱ्याच्या बाजेशी उभा राहतो, माप घेतो आणि दोन बांबू पुरतील म्हणतो! तिनं हातातलं सूप टाकलं आणि असा हंबरडा फोडला, की चक्कीवर दळण दळणाऱ्या बाया पिठाच्या हातांनी धावत आल्या. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं वाटेतल्या माणसाला सांगितलं. तो माणूस सिंदेवाहीच्या गाडीला निघाला होता, त्यानं तिथं पत्रूजीच्या लेकीला सांगितलं. संध्याकाळच्या गाडीनं लेक, जावई, व्याही, सारे रडत स्टेशनावर उतरले!

इकडं भैयाजी सुनेची समजूत घालत होता. "अवो बाई, रडता काऊन? अजून नाई, अजून नाई!"

"अजून नाई म्हंजे? कवा हो भैयाजी?"

"मी कसा सांगू कवा ते? मी तं छपराचं..."

पत्रूजी बाजेवर उठून बसले. "कोन मेलं बे?"

"तुमीच, मामाजी!" असं म्हणून सुनेनं पदर तोंडात कोंबला.

पत्रूजीनं एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा भैयाजीकडं. मग पोळ्यापासून न उठलेला तो माणूस उठला, उशाची काठी घेतली आणि भैयाजीच्या मागं धावला! चक्की ओलांडली, मारुतीचं देऊळ ओलांडलं, तरी म्हातारा थांबेना. "माह्यं माप घेते बे तू? माह्यं?" भैयाजीला स्वतःच्या टालीत शिरून आतून अडसर लावावा लागला.

त्या दिवसापासून भैयाजीला गावात जागा दाखवणं दूरच, कोणी दारात उभं करीना. तो गल्लीच्या टोकाशी दिसला की बाया म्हाताऱ्यांना आत ओढायच्या. खोकला आला तर माणसं तोंड दाबून धरायची. कुंभारपुऱ्यात एक कमरेत वाकलेली बुडी भैयाजीला पाहताच मुसळ उचलून धान कांडायला लागली, आणि तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबली नाही! भैयाजीला वाईट वाटलं. त्यात त्या साली तापाची साथ. घरटी कोणी ना कोणी गोधडीखाली कुडकुडत होतं. लोकांना भेव होतंच, त्याला आता भैयाजीचं तोंड मिळालं.

मनकर्णाचे दिवस भरत चालले होते. फाटकाशी रडणं थांबत नव्हतं. ती कानांवरून पदर घट्ट गुंडाळून भाजी फोडणीला टाकायची.

आणि एका सकाळी टालीवर वारलू आला.

गावाच्या उत्तरेला एक बोडी होती, म्हणजे धानाला पाणी देणारा लहान तलाव. बोडीच्या पलीकडं जंगलाला लागून एक टोला होता. मोजक्या कुडाच्या झोपड्या, थोडं धान, बाकी मोह, डिंक, बांबू. वारलू हा त्या टोल्याचा जाणता माणूस. टालीवर बांबूची गाडी आणून द्यायची हा त्याचा कितीक वर्षांचा शिरस्ता. भैयाजी गाडी उतरवून घेत होता, आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस इतकी वर्षं बांबू आणून देतो आहे, पण त्याच्या टोल्यातून तिरडीसाठी एक बांबू कधी परत गेला नाही! एक लाकूड नाही! कधीच नाही!

"वारलूभाऊ," भैयाजीनं हातातला बांबू खाली टाकून विचारलं, "टोल्यात सारे बरे हायेत?"

कोणी असं विचारलं तर माणूस काय सांगणार? "बरे हाये जी," वारलू म्हणाला.

"साथ-बिथ?"

"चालते आपलं."

"तुमच्याकडं मले घरापुरती जागा भेटन काय?"

वारलूला नवल वाटलं. "भेटन ना जी, काऊन नाई? पन बाईले घेऊन या. राहाचं त्याईले हाये. त्याईले पसंत पडली पाह्यजे."

"बाईचं काय! मी पसंत केली म्हंजे झालं!" भैयाजीला हसू आवरेना.

दुपारी चहाच्या दुकानात त्यानं बाकावर थाप मारली. "टोला पाह्यला! अख्ख्या मुलखात तेवढीच जागा, जिथी मानूस मरत नाई! माह्या टालीवरून तिथी एक काटकी गेली नाई आजवर!"

आता खरं सांगायचं तर टोल्यातले लोक आपल्या माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, हे नागभीडात कोणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना होतं. भैयाजीलासुद्धा होतं. पण बोडीपलीकडल्या माणसांबद्दल आपल्याला जे ठाऊक असतं, ते आपण कधी विचारात घेतो काय? त्यात घरात ताप, मनात भेव, आणि सांगणारा साक्षात टालवाला. दुकानात जे बसले होते, ते चहा अर्धा टाकून उठले.

टोल्यात जागेचा नारळ फोडायचा दिवस ठरला. भैयाजीनं खासरीला बैल जुंपले, मनकर्णाला आत धानाच्या तणसावर बसवलं आणि बोडीच्या पाळीवरून निघाला. थोडं पुढं गेल्यावर मागं वळून पाहतो तर काय! मागून गुणवंतराव चक्कीवाल्याची गाडी. गाडीत बाज, बाजेवर पत्रूजी. (धावल्यापासून त्यांचे पाय पुन्हा धरले होते.) त्यामागं बाजारपुरेवाले, कुंभारपुरेवाले, कोणाच्या खांद्यावर दोरी, कोणाच्या हातात खुंट्या. कुंभारपुऱ्यातली ती बुडीसुद्धा नातवाच्या पाठीवर बसून चालली होती. मरण नसलेल्या गावात जागा धरायला अर्धं नागभीड निघालं होतं!

वारलू सामोरा आला तो घाबराघुबरा. "एवढे लोक? भैयाजी, कोन मेलं?"

"कोनी नाई रे! आता कोनी मरतच नाई!"

टोल्यातली बुधरी म्हणून एक म्हातारी सुईण होती. तिनं या गर्दीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ भैयाजीच्या खासरीपाशी आली, मनकर्णाला हात देऊन उतरवलं, आपल्या ओसरीवर नेऊन बसवलं आणि वाटीभर पेज हातात दिली. इकडं पुरुषांची दोऱ्या ताणायची घाई सुरू झाली. ऊन चढलं होतं. पत्रूजीची बाज मोहाच्या झाडाखाली गार सावलीत नेऊन ठेवली. तिथं बरेच दगड उभे रोवलेले होते, त्यांना लोकांनी बैल बांधले.

भैयाजीनं नारळ डोक्यावर उचलला. तेवढ्यात गुणवंतराव पुढं झाला. चक्कीवाला माणूस, पारखून घेतल्याशिवाय पोतं उतरवत नाही.

"थांबा, भैयाजी. वारलू, एक सांग गा. तुमच्या टोल्यात शेवटचं मानूस कवा मेलं?"

सगळे कान टवकारून उभे राहिले. वारलूनं डोकं खाजवलं.

"शेवटचं? लच्छूची बायको. परवाच्या बाजाराच्या दिसी. तापानं गेली बिचारी."

कोणाच्या हातून खुंटी पडली.

"काहीबी सांगते!" भैयाजी ओरडला. नारळ अजून डोक्यावरच होता. "लाकडं कुठून आनली? माह्या टालीवरून तं नाई गेली!"

"लाकडं कायले? आमी मातीत ठेवतो ना जी. तुमाले माहीत नाई काय?" वारलूनं बोट दाखवलं. "ते नाई काय, मोहाखाली. बाजेपाशी. तो पायथ्याचा दगड माह्या बापाचा होये."

सगळी गर्दी वळून पाहायला लागली. मोठे दगड होते. त्यांच्या मधून मधून लहान दगडही होते. तेच जास्त होते.

"अरे, उचला रे माही बाज!" पत्रूजीनं किंकाळी फोडली. "इथी आनून ठेवलं मले? आयतंच?"

मग जी पळापळ झाली ती काय सांगावी! बैल सोडवता सोडवता दोघांची डोकी आपटली. कुंभारपुऱ्यातली बुडी नातवाच्या पाठीवरून उतरून पायीच निघाली आणि सगळ्यांच्या पुढं गेली! जाता जाता जो तो भैयाजीला दोन शब्द ऐकवून जात होता.

"मोठा जागा पाहनारा आला!"

"मरन नाई म्हंते! मसनवटीत आनून बसवलं!"

"बसजो आता तुह्या फाटकापाशी, तुह्याकडून लाकडं तरी घेतो काय पाहाय!"

गाड्या बोडीच्या पाळीवर दिसेनाशा झाल्या.  आपण काय गुन्हा केला, हे टोल्यातल्या माणसांना कळेना. भैयाजी नारळ बगलेत मारून बुधरीच्या ओसरीपाशी आला. कोणी दुसरा असता तर चार दिवस तोंड दाखवलं नसतं. पण यानं ओसरीला टेकता टेकता नवा हिशेब सुरू केला!

"काही बिघडलं नाई! मंग कुंभारपुराच बरा. औंदा तिथी लाकूड लई कमी गेलं. त्या बुडीची तब्येत पाह्यली ना तू? कुंभारपुऱ्यातच पाहू. नाई तं..."

"एक इचारू?" मनकर्णा म्हणाली. तिनं पेजेची वाटी खाली ठेवली.

"इचार ना."

"आपल्या घरातून किती लाकूड गेलं?"

"आपल्या? आपल्या घरातून कोन..." भैयाजी थांबला.

"पोराईले. किती बांबू काढले तुमी? किती लाकडं देल्ली?"

"लेकराईले लाकूड नाई देत, मनकर्णा. लहान लेकराले मातीतच..."

"मंग तुमच्या हिशेबात ते मेलेच नाई." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या हिशेबानं अख्ख्या नागभीडात सगळ्यात चांगलं घर आपलंच होये. चला, तिथीच जाऊ."

 पहिल्याला भैयाजीनं आपल्या धोतरात गुंडाळून नेलं होतं, धाकट्याला मनकर्णाच्या लुगड्याच्या तुकड्यात. दोन्ही वेळा टालीच्या फाटकातून तो एकटाच बाहेर पडला होता, आणि हात त्या गाठोड्याखाली होते, दुसरं काही घ्यायला मोकळे नव्हते. गावातलं प्रत्येक म्हातारं त्याच्या हिशेबात होतं. लेकरं एकही नव्हती. बाजारपुऱ्यातली नाही, कुंभारपुऱ्यातली नाही, आणि स्वतःची तर नाहीच. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली, की तो ओसरीवरून खाली मातीत बसला आणि रडायला लागला. टोल्यातली माणसं होती, ऊन होतं, तरी रडला.

मग त्यानं नाक पुसलं. "तूच सांग मंग. कुठी राहाचं?"

"इथी."

"इथी? आत्ता आयकलं ना तू, परवाच लच्छूची..."

"आयकलं. मानसं सारीकडं मरतेत. पन इथी फाटक नाई. आन् बुधरीबाईनं माह्या पोटाले हात लावून पाह्यला. लेकरू सरळ हाये म्हंते. तुमी तिकडं दोऱ्या तानत होते ना, तवाच मी त्याईच्या बाजूची जागा मांगून घेतली."

बुधरीनं नुसती मान हलवली आणि भैयाजीपुढंही वाटीभर पेज ठेवली.

बुधरीच्या झोपडीशेजारी कुडाचं घर उभं राहिलं. बांबू टालीवरून आले. नागभीडात वर्षभर पुरेल एवढी थट्टा झाली. भैयाजी बोडीला वळसा घालून रोज टालीवर जायचा आणि लोक विचारायचे, "काय भैयाजी, अमर झाले काय?" तो काही बोलत नसे. बोलायची हौस असलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल, विचार करा!

थंडीच्या तोंडाशी मनकर्णा बाळंत झाली. बुधरीनं सोडवली. मुलगी झाली, किरकोळ अंगाची, पण आवाज असा खणखणीत, की टोल्यातली कुत्री भुंकायला लागली. ती जगली. तापही आला तिला, तरी जगली.

वारलूचा नातू मात्र त्याच तापात गेला. तो नुकता चालायला लागला होता.

सकाळी चार माणसं मोहाखाली गेली, त्यांत भैयाजी होता. नागभीडातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या मयतीला तो लाकडं घेऊन गेला होता, आज हात रिकामे होते आणि त्या हातांचं काय करावं त्याला सुचत नव्हतं. जमीन सुकून टणक झाली होती. वारलूनं कुदळ मारली, ती उसळून परत आली. दुसऱ्यांदा त्याला ती उचलवेचना. भैयाजीनं पुढं होऊन ती त्याच्या हातातून घेतली.

"राहू द्या, भैयाजी," वारलू म्हणाला. "तुमाले याचं काय माहीत? लहान पोराचं येगळं असते. केवढं खांदाचं, किती खोल, थांबा, मी सांगतो."

"माहीत हाये मले," भैयाजी हळूच म्हणाला, आणि खणायला लागला.